सही करण्याआधी, आणि पुढच्या मुलाखतीला जाण्याआधी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचं वय 46, शिक्षण बीएस्सी, बीएड. एका विनाअनुदानित शाळेत 19 वर्षं पाचवी ते दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवलं. यंदा मार्चअखेर पट घसरल्याचं सांगून शाळेने एक तुकडी बंद केली. ‘तुम्ही स्वखुशीने सोडताय असं लिहून द्या, मग अनुभवाचा दाखला देतो,’ असं व्यवस्थापन म्हणतंय. त्यांनी अजून लिहून दिलेलं नाही. मे महिन्यापासून साखळी, म्हापसा, फोंडा इथल्या शाळांत मुलाखती झाल्या. कुठे ‘तुमच्या अनुभवाला साजेसा पगार आम्हाला झेपणार नाही’ हे उत्तर, कुठे नुसतं ‘कळवतो’. एके ठिकाणी तर मुलाखत घ्यायला त्यांचीच जुनी विद्यार्थिनी बसली होती. आता एका शाळेने लेक्चर बेसिसवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, जागा देऊ केली आहे, महिन्याला 12 हजारांच्या आसपास पडतील. यजमान खाणीवर होते. 2018 मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हापासून त्यांच्या मिळकतीचा भरवसा नाही, आणि मुलगी बारावीला आहे. त्या विचारतात: अनुभवाला किंमतच राहिली नाही का? ही 12 हजारांची जागा घेऊ का? की एमएड करू?

प्रिय ताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे वळण्याआधी, न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलते, कारण ती आधी हातावेगळी व्हायला हवी. तो ‘स्वखुशीने’ वाला कागद लिहून देऊ नका. सोडल्याचं पत्र द्यावंच लागलं तर जे घडलं तेच त्यात लिहा: ‘तुकडी बंद झाल्यामुळे, व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून, अमुक तारखेपासून सेवेतून मोकळी होत आहे.’ पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘स्वखुशीने’ लिहून दिलंत की उद्या कुठे दाद मागायची झाली तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो. सही करण्याआधी एखाद्या वकिलाला मसुदा दाखवून घ्या.

पत्रात तुम्ही ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेचा, उल्लेखच केलेला नाही, याचं मला वाईट वाटलं. विनाअनुदानित शाळांतल्या कितीतरी शिक्षकांना वाटतं की ती फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांत मिळते. तसं नाही. 2009 च्या दुरुस्तीने खाजगी शाळांतले शिक्षकही ग्रॅच्युइटीच्या कायद्याखाली आले, तेही 3 एप्रिल 1997 पासून. शाळांच्या संघटना याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि ऑगस्ट 2022 मध्ये हरल्या. पाच वर्षं सलग सेवा झालेल्या शिक्षकाला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो, आणि त्या हिशोबात महिना 26 दिवसांचा धरतात. तुमचा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26 हजार होता असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वर्षाला 15 हजार, आणि 19 वर्षांचे 2 लाख 85 हजार रुपये. राजीनामा दिला तरी ही रक्कम बुडत नाही. शाळेकडे लेखी अर्ज करा. रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत ती द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासकट. शाळेने टाळाटाळ केली तर पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तिथे जाताना नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या किंवा बँकेचं पासबुक आणि अर्जाची पोच घेऊन जा.

भविष्यनिर्वाह निधीचं खातं असेल तर ते मोडू नका. दहा वर्षांहून जास्त सदस्यत्व झालं असेल, तर 58 व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क लागतो. नव्या शाळेत तोच यूएएन, म्हणजे निधीचा तुमचा कायमचा क्रमांक, द्या.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच की हातात पावणेतीन लाखांहून जास्त येणार आहेत हे ठाऊक असलेली बाई मुलाखतीला वेगळ्या तऱ्हेने बसते. ‘येत्या महिन्यात काहीतरी मिळालंच पाहिजे’ ही घाई चेहऱ्यावर उमटते, आणि समोरचा तिच्यावरूनच पगार ठरवतो.

आता नकारांविषयी. मी बरीच वर्षं मुख्याध्यापिका होते, नेमणुकीच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे, त्यामुळे तिथे काय बोललं जातं ते मला माहीत आहे. तुम्हाला वाटतंय तसा तुमचा अनुभव कुणी हलका लेखत नाही. काही दारं नियमांनीच बंद आहेत, काही पैशापायी बंद आहेत, आणि काही केवळ शंकेपोटी. नियमांनी बंद असलेल्या दारांवर तुम्ही डोकं आपटून घेतलंत याचा मला त्रास होतो, कारण तिथे तुमच्या गुणांचा विचार झालेलाच नाही.

नियमांचं चटकन सांगून टाकते. गोव्यात सरकारी पदांना सहसा 45 वर्षांची वयोमर्यादा असते, आणि खुल्या गटात त्यावरची सूट सहसा आधीपासून सरकारी नोकरीत असलेल्यांना. तुमची सेवा खाजगी, त्यामुळे ती सूट तुम्हाला लागू होत नाही. अनुदानित शाळांच्या जाहिरातीत वयाची आणि आरक्षणाची ओळ आधी वाचत जा, पात्रता नंतर. प्राथमिकच्या जागांसाठी अर्ज करू नका: ऑगस्ट 2023 च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, डीएलएड ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, मात्र तसं नाही, ते दार तुम्ही स्वतः उघडू शकता. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा ही परीक्षाच नव्हती. ती 2010 मध्ये आली, पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी. जुन्या शिक्षकांना तिची झळ फारशी बसली नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही ती बंधनकारक केली: ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे त्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं. जिथे शाळेला आपल्याच शिक्षकांची काळजी पडली आहे, तिथे टीईटी नसलेल्या नव्या बाईंना सहावी-सातवीवर कोण घेईल? मला वाटतं, तुम्हाला आलेल्या ‘कळवतो’मागे बऱ्याच ठिकाणी हेच असावं, तोंडावर कुणी बोललं नाही इतकंच.

तेव्हा सीबीएसई घेते त्या केंद्रीय टीईटीचा, म्हणजे सीटीईटीचा, दुसरा पेपर द्या, सहावी ते आठवीचा. 150 प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, खुल्या गटाला 60 टक्के लागतात. त्यातले 60 गुण गणित-विज्ञानाचे, ते तुमच्या रोजच्या कामातले. एक भाषा म्हणून मराठी घेता येते. बालविकास आणि अध्यापनशास्त्राच्या 30 गुणांसाठी मात्र बसून अभ्यास करायला हवा. त्यातलं सगळं तुम्ही वर्गात करत आला आहात, पण प्रश्न पुस्तकी भाषेत येतात आणि चारही पर्याय बरोबर वाटतात. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. एमएडचा विचार मात्र सोडून द्या. वेळ आणि फीचे पैसे घालून हाती येणारी पदवी सहावीच्या गणिताची जागा मिळवून देत नाही. उलट ‘या बाई आणखी महाग’ अशी शंका वाढवते. मुलीच्या पुढच्या वर्षाची फी त्यात घालू नका.

पैशाची बाजू अशी. विनाअनुदानित शाळेचा पगार फीमधून निघतो. 19 वर्षं शिकवलेल्या बाई समोर आल्या की व्यवस्थापनाच्या मनात लगेच आकडा येतो, आणि त्या आकड्याला घाबरून ते तुम्हाला पगार विचारतही नाहीत. तो विषय तुम्हीच काढा. ‘माझा शेवटचा पगार 26 होता, तुमच्याकडे या पदाला काय श्रेणी आहे?’ असं सरळ विचारा. आकडा तुमच्यापेक्षा कमी निघाला तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका, दोन दिवस मागून घ्या. आणि ‘मला पगाराचं काही नाही, शिकवायची आवड आहे’ हे वाक्य कृपा करून कुठेही म्हणू नका. आवड खरी असली तरी ऐकणारा तिचा उपयोग पगार पाडायला करतो. पुढे त्याच शाळेतल्या इतर बायांनाही त्याच पगारावर बसवतो.

शंकेची बाजू सगळ्यांत जास्त बोलण्यासारखी आहे. वयाने आणि अनुभवाने मोठ्या बाई आल्या की तरुण मुख्याध्यापकाच्या मनात येतं: या माझं ऐकतील का? ‘आमच्या शाळेत असं नव्हतं’ हे ऐकावं लागेल का? नव्या शैक्षणिक धोरणाचे कागद, ऑनलाइन नोंदी, स्मार्ट बोर्ड जमेल का? हे कुणी विचारत नाही, पण ठरतं यावरच. म्हणून जुन्या शाळेविषयी मुलाखतीत एकच वाक्य बोला, ‘तुकडी बंद झाली,’ आणि पुढे जा. अन्याय झालाय हे खरं आहे, पण त्याची जागा कामगार कार्यालयात आहे.

बायोडेटा एका पानाचा करा. तुमचा चार पानांचा मी पाहिला. 2009 च्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्यात आहे, पण दहावीच्या गणिताचे निकाल कुठेच नाहीत. कुठल्या वर्गांना काय शिकवलं, बोर्डाच्या परीक्षेत तुमच्या विषयाचा निकाल काय लागला, बोर्डाचे पेपर तपासलेत का, विज्ञान प्रदर्शनात मुलं कुठवर गेली, वेळापत्रक कोण बसवायचं, हे त्यात लिहा. वेळापत्रकाचं मुद्दाम सांगते. सातवीचे दोन शिक्षक एकाच दिवशी रजेवर असताना तास कसे भरायचे हे ज्याला येतं, अशा माणसाची प्रत्येक मुख्याध्यापकाला गरज असते. अनुभवाचा दाखलाही याच तपशिलाचा मागा. ‘त्यांनी समाधानकारक सेवा केली’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आणि आता डेमो लेसन. तुम्ही लिहिलंय की साखळीच्या शाळेत प्रकाशसंश्लेषण शिकवलं, आकृती काढली, सगळं नीट झालं, तरी नेमणूक एका नवख्या मुलीची झाली. ताई, प्रकाशसंश्लेषण नवखी मुलगीही छान शिकवते, कदाचित व्हिडिओ लावून तुमच्याहून देखणं शिकवेल. 19 वर्षांनी तुम्हाला जे दिलं ते त्या पाठात दिसायला जागाच नव्हती. पुढच्या वेळी अपूर्णांकांची बेरीज घ्या, आणि सुरुवात मुलाच्या चुकीपासून करा.

फळ्यावर लिहा: 1/2 + 1/3 = 2/5. वर 1 आणि 1 मिळून 2, खाली 2 आणि 3 मिळून 5. दर वर्षी अर्धा वर्ग हेच करतो हे तुम्हाला माहीत आहे, त्या नवख्या मुलीला अजून माहीत नाही. चूक म्हणून खोडू नका. वर्गाला विचारा, ‘2/5 मोठा की अर्धा मोठा?’ थोडा वेळ जाऊ द्या. कुणीतरी म्हणेल की पाचाचा अर्धा अडीच, आणि इथे तर दोनच, म्हणजे अर्ध्याहून कमी. मग विचारा, ‘आपण अर्ध्यात आणखी भर घातली ना? मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?’ मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. तिथून पुढे समान छेद का लागतो हे तुम्हाला सांगावंही लागत नाही, तीच मागतात. हे दहा मिनिटांत होतं. मागच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापकाला कळतं की या बाईंना मूल कुठे अडतं ते आधीच ठाऊक आहे.

यात गोव्याची म्हणून एक गोष्ट आहे, तिचा तुम्ही कुठेच उपयोग केलेला दिसत नाही. आपल्या डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात येऊन पडतात. घरी कोंकणी, पुस्तक मराठी, आणि आता गणिताचा पेपर इंग्रजीत. 2011 पासून इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळायला लागलं, मराठी शाळांचा पट आणखी घसरला, तरी ही मुलं आहेतच, आणि पाचवी-सहावीच्या वर्गात ती गप्प बसतात. त्यांना उदाहरणच कळलेलं नसतं, आणि शेरा मात्र ‘गणित कच्चं’ असा पडतो. तुम्ही 19 वर्षं या मुलांना हाताला धरून पलीकडे आणलं आहे. आधी कोंकणीत विचारायचं, मराठीत सोडवून घ्यायचं, मग तेच इंग्रजीत लिहायला लावायचं, हे तुम्हाला सवयीने येतं म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. मुलाखतीत हे बोला. ‘पाचवीला मराठी शाळांतून येणाऱ्या मुलांसाठी पहिले तीन महिने मी असं काम करते,’ म्हणून तुमची पद्धत एका कागदावर लिहून न्या. तुमच्या भागातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेचा हा रोजचा प्रश्न आहे, आणि घरून इंग्रजी बोलत आलेल्या नवख्या शिक्षिकेला तो सुटणारा नाही.

वेळेचंही एक बघा. 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलात सुरू व्हायला लागले. म्हणजे शाळा आपल्या जागा फेब्रुवारी-मार्चमध्येच पाहून ठेवतात. तुम्ही मेमध्ये अर्ज सुरू केलेत तोवर उरल्या होत्या त्या लेक्चर बेसिसच्या. यंदाचा मोठा मोसम हुकला हे मान्य करून टाका, आणि गणेश चवथीनंतरच्या दिवसांत रजेच्या जागा शोधा. प्रसूती रजा सुमारे 180 दिवसांची असते, एवढे दिवस कुठलीही शाळा गणिताचा वर्ग रिकामा ठेवू शकत नाही. या जागांची जाहिरात दोन ओळींची येते, कधी येतही नाही. मुख्याध्यापकांना आधीच जाऊन भेटलेल्या माणसाला फोन येतो. केंद्रीय विद्यालयांच्या वॉक-इन मुलाखतींवरही लक्ष ठेवा. तिथल्या कंत्राटी शिक्षकांना 65 वर्षांपर्यंत वय चालतं, आणि फोंड्याचं विद्यालय तुम्हाला जाण्यासारखं आहे. तिथेही सीटीईटी उपयोगी पडेल.

आणि ती तुमची विद्यार्थिनी. ‘मान खाली घालून बसले,’ असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला भरून आलं. पण तिच्या जागी बसून पाहा: जिच्याकडून गणित शिकलो त्या बाईंना नकार देताना तिलाही सोपं गेलं नसेल. तिला फोन करा. नोकरी मागायला नको, फक्त विचारा, ‘त्या दिवशी माझं कुठे कमी पडलं ते मोकळेपणाने सांगशील का?’ ती खरं सांगेल, आणि पुढे कुठे जागा निघाली तर तुमचं नाव आधी घेईल. गोव्यात अर्ध्या नेमणुकांची बातमी अशीच कानोकानी जाते. तुमचे जुने विद्यार्थी आज बँकेत आहेत, पंचायतीत आहेत, काही जण शाळांच्या पालक संघांत आहेत. आपण शोधात आहोत हे त्यांना कळू द्या, त्यात लाज कसली?

राहिली 12 हजारांची जागा. घ्या, पण तीन गोष्टी लेखी घेऊन. आठवड्याला किती तास आणि तासाला किती रुपये, हे आकड्यात. पेपर तपासणं, वर्गशिक्षकाचं काम, स्नेहसंमेलनाची तयारी यातलं काय तुमच्याकडे आणि त्याचे वेगळे पैसे मिळणार का. आणि मधेच दुसरी पूर्णवेळ जागा मिळाली तर किती दिवसांची सूचना द्यायची. एक महिन्याहून जास्त मागितली तर सही करू नका. लेक्चर बेसिसवर सुट्ट्यांचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे चवथ आणि दिवाळीच्या महिन्यात 12 हजार पडणार नाहीत, घरचा हिशोब तसा मांडा. तासांव्यतिरिक्त शाळेत बसवून ठेवायला लागले तर दुसऱ्याच आठवड्यात बोला, तिसऱ्या महिन्यात बोलून उपयोग होत नाही. उरलेला वेळ तुम्हाला सीटीईटीला आणि शिकवण्यांना हवा आहे.

शिकवण्यांना तुम्ही ‘शेवटचा उपाय’ म्हटलंय, मला ते पटत नाही. संध्याकाळी सहावी-सातवीची सात-आठ मुलं घ्या, दहावीची गर्दी करू नका. पाचवीला मराठी शाळेतून आलेलं एखादं मूल त्यात असलं तर सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी त्याला एकच चाचणी द्या, आणि दोन्ही पेपर जपून ठेवा. फेब्रुवारीत मुलाखतीला जाताना ते पेपर सोबत न्या, मुलाचं नाव झाकून.

ग्रॅच्युइटीचा अर्ज या आठवड्यातच शाळेत द्या. पोच मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि त्याची पावती बायोडेटाच्या फायलीत न ठेवता वेगळी ठेवा.